मिसेस प्रभुणे पायी निघतात

मिसेस प्रभुणे गेल्याचं त्यांच्या मुलानं, समीरनं, ग्रुपवर कळवलं आणि पाहता पाहता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, "फार मायाळू होत्या." कुणी लिहिलं, "आईसारख्या होत्या." जिनं त्यांना सलग दोन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, तिनं लिहिलं, "त्यांचं हसू कायम आठवत राहील."

मी फोन पालथा ठेवला.

मिसेस प्रभुणे मायाळू नव्हत्या. त्यांचं हसू मी फार तर दोनदा पाहिलं असेल, आणि दोन्ही वेळा समोरच्याचं काहीतरी चुकलं होतं. मला त्या आवडायच्या नाहीत. त्यांनाही मी आवडत नव्हते. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि आम्ही ते एकमेकींपासून लपवायचा त्रास कधी घेतला नाही. जी बाई आयुष्यात कोणाशी गोड खोटं बोलली नाही, तिच्याबद्दल एवढं गोड खोटं वाचून मला राग आला. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा आम्ही दोघं आणि आमची मुलगी मिशिगनमध्ये, नोव्हायला लागून असलेल्या एका गावात राहत होतो. माझा नवरा मंदार गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे आमच्या सबडिव्हिजनमधल्या, म्हणजे आपल्या भाषेत कॉलनीतल्या, प्रत्येकाला वाटायचं की माझ्याकडे वेळच वेळ आहे. समीर प्रभुणे आमच्यापासून चार घरं सोडून राहायचा. घटस्फोट झालेला, कमी बोलणारा मुलगा. एका मार्चमध्ये तो म्हणाला, "आई येतेय. कायमची." ती वीस-बावीस वर्षं थायलंडमध्ये होती, सराबुरी नावाच्या गावात. त्याचे वडील तिथल्या एका सुताच्या गिरणीत मॅनेजर. ते गेले, मग आई वर्षभर इचलकरंजीला दिराकडे राहिली, आणि आता समीरकडे.

नवीन माणूस आलं की डबा घेऊन जायचं ही आमची पद्धत. मी साबुदाणा वडे घेऊन गेले. दार उघडलं ते एका ठेंगण्या, ताठ बाईनं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात फुलाफुलांचा सुती ब्लाउज आणि लांब स्कर्ट. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट बाहेर."

मी आत येऊन पायपुसण्यावर बूट काढू लागले.

"बाहेर म्हणजे दाराच्या बाहेर."

बाहेर अजून बर्फाचा चिखल होता. मी मोज्यांवर उड्या मारत बूट बाहेर ठेवले आणि आत आले. म्हटलं, "काकू, मी वर्षा. चार घरं पलीकडे..."

"मी तुझी काकू नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकांना मी ओळखत नाही. मिसेस प्रभुणे म्हण. तिथे मला सगळे खुन लीला म्हणायचे. तसं म्हटलंस तरी चालेल."

थाई भाषेत 'खुन' म्हणजे आपलं 'श्रीयुत' किंवा 'श्रीमती', हे मला नंतर कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी मंदारला सांगितलं आणि तो सोफ्यावर आडवा होऊन हसला. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'खून लीला' पडलं, आणि ते त्यांना शोभायचं. डबा दुसऱ्या दिवशी परत आला. धुतलेला, लखलखीत. समीरच्या हातून. त्याच्याबरोबर निरोपही आला होता. समीर बिचारा खाली बघत म्हणाला, "आई म्हणाली, तेल परत वापरलेलं होतं."

होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

गाडी न चालवणाऱ्या माणसाला आमच्या गावात पाय नसल्यासारखंच. दुकानं मोठ्या रस्त्यावर, रस्त्याला फुटपाथ नाही, बस नाही. समीरनं मला विनंती केली की दर गुरुवारी तू किराणा आणायला जातेस तेव्हा आईला नेशील का. मी हो म्हटलं आणि दर बुधवारी संध्याकाळपासून माझं डोकं दुखायला लागलं.

त्या मागच्या सीटवर बसायच्या. पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं तर त्या मागचं उघडून आत जाऊन बसल्यासुद्धा. तिथून सूचना यायच्या. हा सिग्नल उगाच थांबवतो. ही बाई पायजम्यात दुकानात आली आहे. ही कोथिंबीर आहे का गवत? मुळं कापून टाकली! मुळांतच तर वास असतो. आणि मग सुरू व्हायचं सराबुरी.

"तिथे मी पाच वाजता उठायची. उजाडता उजाडता भगव्या वस्त्रातले भिक्खू अनवाणी रांगेनं यायचे. कोपऱ्यावरची बाई रस्त्यात गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात गरम भात वाढायची. मी नाही वाढला कधी, मी कशाला वाढू? पण बघायची. मग बाजार. चालत दहा मिनिटं. आमटी प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंडाला असा पीळ देऊन रबर लावायचे की वाटेत उलटी धरली तरी थेंब सांडणार नाही. इथे तुमच्या त्या डब्यांची झाकणं बघ."

"हो."

"प्रत्येक घरापुढे एका खांबावर छोटं देऊळ. बाहुलीच्या घराएवढं. त्या जागेच्या देवाला लाल सरबताची बाटली ठेवायची आणि बाटलीत स्ट्रॉ. देवाला स्ट्रॉ! आमचे हे हसायचे. पण मला आवडायचं. देव झाला म्हणून त्यानं बाटली तोंडाला लावायची का?"

मी आरशात पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर गाद्यांचं दुकान होतं, मग दुसरं गाद्यांचं दुकान, मग दातांचा दवाखाना.

"इथे माणसं कुठे आहेत?" त्या म्हणाल्या. "गाड्या आहेत आणि घरं आहेत. मधली माणसं कुठे गेली?"

एकदा मी समीरला म्हटलं, तुझ्या आईला तिकडे खूपच आवडायचं, नाही? तो चक्क हसला. "वर्षाताई, तिथे असताना ती रोज इचलकरंजीचं नाव काढायची. तिथल्या उकाड्याला शिव्या, तिथल्या माशांच्या वासाला शिव्या. बाजारातली एक बाई होती कोथिंबीर विकणारी, तिच्याशी तर रोज भांडण. बाबा म्हणायचे, त्या बाईशी भांडून आली की लीलाचं जेवण जातं."

म्हणजे हा स्वभावच, असं मी ठरवून टाकलं. जिथे असतील तिथे नाक मुरडायचं आणि जिथे नसतील तिथली स्तुती करायची. मला बरं वाटलं. माणसाला नाव ठेवायला एक जागा सापडली की सोयीचं पडतं.

मोठ्या रस्त्यावर एक थाई रेस्टॉरंट होतं, पेट्रोल पंपाच्या पुढे. नोय नावाची पन्नाशीची बाई चालवायची. एका गुरुवारी मी मोठ्या मनानं म्हटलं, चला, आज तुम्हाला थाई जेवायला नेते. मला वाटलं होतं दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, आणि निदान एक दुपार सुखाची जाईल.

मिसेस प्रभुणेंनी कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली, एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. मग नोयला हाक मारून थाईत बोलायला लागल्या. मला शब्द कळत नव्हता, पण सूर कळत होता. नोय आधी हसत होती. मग हसायची थांबली. मग तिनं मान फिरवून स्वयंपाकघराच्या दिशेनं काहीतरी पुटपुटलं आणि त्यात 'खॅक' असा एक शब्द आला. मिसेस प्रभुणे ताडकन उभ्या राहिल्या.

पुढची पाच मिनिटं त्या दुकानात जे झालं ते शेजारच्या टेबलवरच्या दोन अमेरिकन म्हाताऱ्यांनी नूडल्स हवेत धरून पाहिलं.

गाडीत मी विचारलं, "खॅक म्हणजे काय?"

"आपण. सगळे काळे, नाकेले, हिंग खाणारे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरा अर्थ पाहुणा. वीस वर्षं राहिलं तरी पाहुणा. तिथल्या पोरीबाळी तोंडावर म्हणायच्या. मी ऐकून घेतलं नाही कधी. इथेही घेणार नाही."

पुढे काही दिवसांनी मी एकटी पार्सल आणायला गेले तेव्हा नोयनं मला इंग्रजीत विचारलं, "ती तुझी आई आहे का?" मी घाईघाईनं नाही म्हटलं. "मग सांगते," ती म्हणाली. "तिची थाई चांगली आहे. शब्द सगळे येतात. पण मोलकरणीशी बोलतात तशी बोलते. हे आण, ते उचल, पुन्हा धू. इतकी वर्षं राहिली आणि तिच्याशी मैत्रिणीसारखं कोणी बोललंच नसेल. नाहीतर दुसरी थाई तिला आली असती."

"मग तू तिला येऊ नको सांग," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"का?" नोयनं खांदे उडवले. "माझ्याशी माझ्या भाषेत भांडणारं इथे दुसरं कोण आहे?"

आणि खरंच मिसेस प्रभुणे तिथे जातच राहिल्या. गुरुवारची वाटही न बघता. समीरचं जुनं, गुडघ्यापर्यंत येणारं काळं जॅकेट घालायच्या, डोक्याला गळपट्टा गुंडाळायच्या, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेनं, गवतातून, बर्फातून चालत निघायच्या. एका बाजूला ताशी पन्नास मैलांनी गाड्या, दुसऱ्या बाजूला नाला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मध्ये तासभर नोयशी वाद. समीरनं विनवलं, रागावून पाहिलं. मी दोनदा गाडी थांबवून "बसा" म्हटलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "मी चाललेय हे दिसत नाही का तुला?"

मग जानेवारीत कोणीतरी पोलिसांना फोन केला.

मी भाजीला चालले होते. पुढे लाल-निळे दिवे दिसले. पोलिसाची गाडी कडेला, आणि बर्फात मिसेस प्रभुणे. मी मागे गाडी लावली आणि धावले. पोलीस तरुण होता, अदबीनं बोलत होता. मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? तुम्ही कुठे राहता ते सांगाल का? कोणीतरी काळजीनं फोन केलाय, एक अनोळखी व्यक्ती घरांच्या आसपास फिरते आहे म्हणून.

"मी फिरत नाही, मी जाते आहे," मिसेस प्रभुणे म्हणाल्या. "फोन कोणी केला?"

"ते आम्ही सांगत नाही, मॅडम."

मी मध्ये पडले. सांगितलं की या इथेच राहतात, मी ओळखते, मी घरी सोडते. पोलिसाला हायसं वाटलं. मिसेस प्रभुणे गाडीत बसल्या, मागच्याच सीटवर. मी हीटर वाढवला.

"तू केलास का?" मागून प्रश्न आला.

"काय?"

"फोन."

मला इतका संताप आला की मी गाडी पुन्हा कडेला घेतली. "मी दर गुरुवारी तुमची बोलणी ऐकत तुम्हाला नेते, आणि मी फोन करीन?"

"म्हणूनच विचारलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर फिरू लागल्या. सबडिव्हिजनमधलं एकेक दार वाजवायचं आणि विचारायचं, "डिड यू कॉल पोलीस ऑन मी?" लोक दार लावून घ्यायला लागले. तपास लागला तो फार सोपेपणानं. डॉक्टर नाडकर्णींच्या घरी त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि ती गोरीमोरी झाली.

डॉक्टर नाडकर्णी म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रस्थ. फार पूर्वी आलेले, भूल देणारे डॉक्टर, आता निवृत्त. घरमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांच्या लॉनवर पान पडायची पंचाईत. आम्हा व्हिसावाल्यांशी ते दयाळूपणे वागायचे. मिसेस प्रभुणेंनी त्या दिवशी त्यांच्या दारात काहीच म्हटलं नाही. त्या वाट बघत राहिल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची.

शाळेच्या कॅफेटेरियात सगळे जमले होते. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. डॉक्टर तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन स्वतः फिरत होते. मिसेस प्रभुणेंसमोर आले तशी त्यांनी वडी उचलली, हातात धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टर, मला बघून तुम्हाला काय वाटलं?"

"कधी?"

"पोलिसांना फोन केलात तेव्हा."

डॉक्टरांनी ताट सावरलं. "अहो, मी तुम्हाला ओळखलं नाही. ते जॅकेट, तोंडाला गुंडाळलेलं. मला वाटलं कोणी होमलेस बाई आहे. आपल्याकडे मुलं खेळत असतात. तुम्ही समजून घ्याल अशी..."

"ओळखलं असतं तर केला नसतात?"

"छे छे, कसं शक्य आहे!"

"म्हणजे दुसरी कोणी असती तर केलेला बरोबर होता."

"आज सणाचा दिवस आहे, मिसेस प्रभुणे. आज तरी गोड बोला."

त्यांनी हातातली वडी परत ताटात ठेवली. "सराबुरीत मला येता-जाता परकी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण चालताना बघून पोलीस नाही बोलावला कोणी. त्याला आपलाच माणूस लागला."

समीर खाली मान घालून कोट आणायला गेला. डॉक्टरांच्या बायकोला रडू फुटलं आणि बायका तिच्याभोवती जमल्या. मिसेस प्रभुणेंजवळ कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. मला वाटत होतं की त्यांचं सगळं बरोबर आहे आणि तरीही त्यांनी सणाची वाट लावली. पुढच्या वर्षीची आमंत्रणं गेली तेव्हा समीरला गेलं, त्यांना गेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी मंदारची नोकरी गेली. एका सोमवारी सकाळी दहा मिनिटांच्या कॉलवर त्यांचा अख्खा विभाग बंद झाला. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही किती वर्षं उभे होतो ते मी मोजणं सोडलं होतं. आता दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. लोकांनी फार चांगुलपणा दाखवला. डबे आले. "होईल काहीतरी," "देव एक दार बंद करतो," असं सगळं ऐकून झालं. मी सगळ्यांपुढे हसत होते आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते.

मिसेस प्रभुणे रिकाम्या हातानं आल्या. बूट दाराबाहेर काढले. स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

"रडतेस काय? आधी घर विकायला काढ. तुम्ही लोक शेवटपर्यंत आशा धरता आणि मग सामान रस्त्यावर येतं."

मी म्हटलं, "मिसेस प्रभुणे, आज नको. प्लीज."

"तू इथली आहेस असं तुला वाटत होतं. नाहीस. नवऱ्याच्या नोकरीला चिकटवलेली होतीस. मीही तशीच होते." मग कोरड्या आवाजात बोलत राहिल्या, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत. "हे गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला. घर सोडा. व्हिसा यांच्या नावावर होता, यांच्याबरोबर संपला. मी व्हिसाच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला राहायचंय, इथेच, एका खोलीत राहीन. तिथला मुलगा हसत हसत 'नाही' म्हणाला. तिथे सगळं हसत सांगतात. निघायच्या दिवशी सकाळी बाजारात गेले. ती कोथिंबीरवाली. इतकी वर्षं जिच्याशी भांडले. तिचा गाळा बंद होता. सण होता कसला तरी. मी गेले हे तिला कोणी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही."

मी ओटा पुसायला घेतला.

"म्हणून सांगते. कोणाला भेटायचं असेल तर आज भेट. आणि ते वडे तळायचं तेल फेकून दे, जाताना बरोबर नेणार आहेस का?"

तेल खरंच गॅसजवळ कढईत होतं. मी त्यांना दार दाखवलं. अगदी शब्दशः, दार उघडून धरलं आणि बाहेर बोट केलं. त्या बूट घालून निघून गेल्या. त्या दिवशी मला त्यांचा जितका तिटकारा आला तितका आधी कधी आला नव्हता. आणि त्याच संध्याकाळी मी घरांच्या एजंटला फोन केला.

मुदत संपत आली असताना मंदारला ॲरिझोनात, चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. गाव मात्र सुटलंच. घर आधीच विकायला काढलेलं असल्यामुळे ते वेळेवर गेलं. हे मी मिसेस प्रभुणेंना कधी सांगितलं नाही. त्यांना आनंद झाला असता आणि मला तो बघवला नसता.

आम्ही निघायच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मंगळवारी संध्याकाळी गाडी काढ. गावच्या कौन्सिलची मीटिंग आहे. समीर नेत नाही. त्याला लाज वाटते."

मी का गेले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एवढंच उत्तर सापडतं की गाव सोडायचं ठरल्यावर लोकांना काय वाटेल याची भीती उरली नव्हती, आणि ती नसली की संध्याकाळ फार मोकळी वाटते.

मोठ्या रस्त्यावर फुटपाथ करायचा की नाही, असा विषय होता. त्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. अर्धा झाला. पेट्रोल पंपापर्यंत. तिथून नोयच्या दुकानापर्यंत अजून गवतच आहे, असं समीर म्हणाला. शेवटच्या वर्षात त्यांना तेवढंही चालवत नव्हतं. मग नोयच दुपारी दुकान बंद करून यायची आणि दोघी समीरच्या किचनमध्ये भांडायच्या.

पण मला त्या दिसतात त्या हॉलमध्ये. पुढे उंच टेबलामागे कौन्सिलचे लोक, समोर खुर्च्यांच्या रांगा, मध्ये एक माइक. पहिल्या रांगेत डॉक्टर नाडकर्णी. ते आधी बोलले, शांतपणे, मुद्देसूद. फुटपाथ आला तर लॉन छोटी होतील, झाडं जातील, बाहेरचे लोक येतील. मग मिसेस प्रभुणेंचं नाव पुकारलं. प्रत्येकाला तीन मिनिटं.

त्या माइकपाशी गेल्या. माइक उंच होता. त्यांनी तो खाली ओढला आणि तो करकरला.

"आय ॲम नॉट अ सस्पिशस पर्सन," त्या म्हणाल्या. "आय ॲम अ वॉकिंग पर्सन."

हॉलमध्ये हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, कौतुकाचंच होतं. पण त्यांना ते लागलं. मी मागून त्यांचे खांदे वर चढताना पाहिले. त्या पाठ केलेलं इंग्रजी बोलायला लागल्या, ताठ, जुन्या पुस्तकातलं. या गावात कुत्र्यालाही फिरवायला माणूस लागतो, आणि माणसाला मात्र फिरता येत नाही. जी मला इथे घेऊन आली ती स्वतःच्या मुलीला चार घरं पलीकडे गाडीनं सोडते. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मध्येच त्या अडखळल्या. पुढचं वाक्य आठवेना. अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या, "टेक युअर टाइम, डिअर." त्या 'डिअर'नं सगळं संपलं. मिसेस प्रभुणे मराठीत बोलायला लागल्या.

"माझा मुलगा चांगला आहे. तो म्हणतो, आई, घरात बस, काय हवं ते आणून देतो. मला आणून दिलेलं नको. घरात बसले की मला माझाच आवाज ऐकू येतो. भांडायलासुद्धा माणूस लागतं हो. हे होते तोवर घरात होतं. आता त्यासाठी मला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायला तुम्ही रस्ता ठेवला नाहीत. मी कुठली म्हणून विचारता. मी कुठलीच नाही. एका गावानं मला राहू दिलं नाही, एकात मी परत जाऊ शकत नाही. आहे ते हे. मला हे आवडत नाही. पण मला इथेच मरायचंय, तर मरेपर्यंत पायी हिंडू द्या."

त्या थांबल्या. कौन्सिलचे लोक विनम्र, कोऱ्या चेहऱ्यांनी बघत होते. अध्यक्षबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "त्यांची भाषा कोणाला येते का? कोणी सांगू शकेल का?"

त्या हॉलमध्ये ते कळलेली माणसं दोनच होती. डॉक्टर नाडकर्णी आपल्या हातांकडे बघत होते. ते बघतच राहिले.

मी उभी राहिले. मला इंग्रजी येतं अशी माझी समजूत होती.

"शी सेज," मी म्हटलं, "वी नीड अ साइडवॉक."

अध्यक्षबाईंनी हसून मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि वेळ संपल्याचा दिवा लागला.

मिसेस प्रभुणे माइकपासून हलल्या नाहीत. त्या सावकाश मागे वळल्या आणि सगळ्या रांगांवरून त्यांनी मला शोधून काढलं.

"एवढंच बोलले मी?" त्यांनी मराठीत विचारलं. "परत सांग. नीट सांग."

मी पुन्हा उभी राहिले.